वीतभर लाल

माझ्या संगणकात ‘लाल’ नावाचे एक फोल्डर आहे. त्यात एकेचाळीस लहान चौकोन साठवले आहेत, आणि त्यांतला प्रत्येक चौकोन एअर-इंडियाच्या बोइंग ७४७ विमानाच्या कुठल्या तरी जुन्या छायाचित्रातून, खिडक्यांभोवतीच्या रंगावर नेमके बोट ठेवून, उचललेला आहे. ताफा एकच, रंगसंगती एकच, आणि तरीही एक चौकोन विटकरी आहे, एक डाळिंबी, एक जवळजवळ शेंदरी, तर एक इतका जांभळट आहे की विमानावर कोणी जांभळाचा रस सांडला असावा असे वाटते. यांतला खरा लाल कोणता, या प्रश्नापायी गेली सहा वर्षे मी हे फोल्डर सांभाळते आहे.

फ्लाइट सिम्युलेटर, म्हणजे संगणकावर विमान उडवण्याचा खेळ, त्यातली विमाने जुन्या रंगांत रंगवणे हा माझा छंद. तो ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. सिम्युलेटरमधल्या विमानाचा आकार दुसऱ्याच कोणी घडवलेला असतो. फणसाची साल एकसंध सोलून पाटावर पसरावी, तसा त्या आकाराचा पृष्ठभाग एका सपाट प्रतिमेवर उलगडलेला असतो, आणि त्या प्रतिमेला टेक्स्चर म्हणतात. आकार घडवणारा बहुधा एक पेंट किटही देतो. त्यात दारांच्या कडा, पत्र्याचे सांधे, रिव्हेटच्या रांगा वेगवेगळ्या थरांवर काढलेल्या असतात आणि मधले पांढरे मैदान आपल्यासाठी मोकळे सोडलेले असते. त्या मैदानावर कंपनीचे रंग चढवले की त्याला रिपेंट म्हणायचे. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरच्या २००३ सालच्या आवृत्तीवर मी हे शिकले, २००६ साली आलेल्या त्याच्या पुढच्या आवृत्तीवर, एफएसएक्सवर, त्यात थोडी मुरले, आणि आता एक्स-प्लेन या दुसऱ्या सिम्युलेटरसाठी फेलिस नावाने आलेल्या ७४७-२००वर काम करते. (एफएसएक्सची टेक्स्चरे उलटी, म्हणजे डोके खाली आणि पाय वर, अशी साठवावी लागत. पहिल्या रात्री हे ठाऊक नव्हते, त्यामुळे माझ्या विमानाच्या पोटावर खिडक्या उगवल्या होत्या.) जुन्या जेट विमानांवर जीव असणारे लोक जगभर विखुरलेले आहेत. हिस्टॉरिक जेटलायनर्स ग्रुपसारखी मंडळी तर बोइंग ७०७, डीसी-८ अशा विमानांचे नमुने आणि त्यांची शेकडो रंगरूपे वर्षानुवर्षे मोफत देत आली आहेत.

मला मात्र झरोक्यांचेच वेड. १९७१च्या एप्रिलमध्ये एअर-इंडियाचे पहिले ७४७ मुंबईत उतरले. ‘एम्परर अशोक’ हे त्याचे नाव. कंपनी या विमानांची जाहिरात ‘आकाशातला तुमचा महाल’ अशी करी, आणि महाल म्हटल्यावर झरोके आलेच, म्हणून प्रत्येक खिडकीभोवती लाल रंगात राजस्थानी धाटणीची कमान काढलेली असे. त्या काळातल्या बहुतेक विमान कंपन्या खिडक्यांच्या रांगेवरून एक लांब रंगीत पट्टा ओढत. त्या पट्ट्यात खिडक्यांची भोके मिसळून जात आणि नजर विमानाच्या नाकापासून शेपटीपर्यंत सुसाट धावे. झरोक्यांनी याच्या अगदी उलट केले. लपवण्याच्या खिडकीलाच त्यांनी नटवले आणि वेगाने धावणाऱ्या यंत्राच्या अंगावर बसून राहण्याची, रेंगाळण्याची, बाहेर डोकावण्याची जागा रंगवली. रंगकामाच्या व्याकरणात ही चूकच म्हणायची, आणि ती इतकी देखणी चूक होती की तिच्याइतकी मनात राहिलेली दुसरी रंगसंगती मला आठवत नाही.

विलेपार्ल्याच्या आमच्या घराच्या गच्चीवरून, पापड राखत बसले असताना, समुद्राच्या दिशेने चढणारी विमाने बाजूने दिसत. तेवढ्या अंतरावरून झरोके काही मोजता येत नसत. दिसे ती पांढऱ्या अंगावरची एक लाल नक्षी, आईच्या लग्नातल्या पांढऱ्या शालूच्या काठासारखी. मी रंगवायला बसले तेव्हा मनात तो काठ होता. पण काठ रंगवून भागत नाही, झरोका रंगवावा लागतो, आणि तिथूनच गणित सुरू होते.

७४७-२००ची लांबी सुमारे ७०.६ मीटर. तेवढी लांबी १,०२४ पिक्सेल रुंदीच्या जुन्या टेक्स्चरवर पसरली, तर एक पिक्सेल म्हणजे जवळजवळ सात सेंटिमीटर. दोन खिडक्यांच्या मध्यांतले अंतर वीस इंच, म्हणजे अर्ध्या मीटरहून किंचित जास्त. याचा अर्थ एक अख्खा झरोका, त्याची कमान, तिचे टोक, दोन्ही बाजूंचे वळण, हे सगळे सात पिक्सेलांत बसवायचे. सात पिक्सेलांत कमान होत नाही, होतो तो फक्त डाग. त्यात जुनी सिम्युलेटरे स्मृती वाचवण्यासाठी प्रतिमा दाबून साठवत. चार बाय चार पिक्सेलांची एकेक चौकट घ्यायची आणि तिच्यातले सगळे रंग मोजक्या चार छटांवर आणायचे, अशी ती रीत होती. मोठ्या पट्ट्यांना तिने फारसे बिघडत नाही, पण पांढऱ्यावरची बारीक लाल रेघ तिच्यातून बाहेर येते ती पावसात भिजलेल्या रांगोळीसारखी. म्हणून जुन्या रिपेंटांत झरोक्यांऐवजी गुलाबी धुके दिसते, आणि त्यात रंगवणाऱ्याचा दोष नसतो. आज ४,०९६ पिक्सेलांच्या पटावर एक पिक्सेल पावणेदोन सेंटिमीटरांवर आला आहे. झरोक्याला एकोणतीस-तीस पिक्सेल मिळतात आणि कमानीला टोक फुटते. एक कमान नीट काढली की बाकीच्या नकलून चालतील असे मला वाटले होते. तसे होत नाही, कारण नाकाकडे आणि शेपटीकडे विमानाचे अंग निमुळते होत जाते, तिथे सपाट काढलेली कमान वळलेल्या अंगावर चढताच एका बाजूला कलते, आणि मग तिला आधीच उलट्या बाजूला कलती काढून ठेवावी लागते. दारांपाशी रांग तुटते ते वेगळेच.

आकाराचे प्रश्न मोजपट्टीने सुटतात. रंगाचे तसे सुटत नाहीत, आणि त्यामागे एक कारण आहे जे या देशाबाहेरच्या रिपेंट करणाऱ्यांना पटकन कळत नाही. भारतात विमानतळावर परवानगीवाचून छायाचित्रे काढायला १९३७च्या एअरक्राफ्ट रूल्समधला तेरावा नियम आडवा येई. परदेशात याच काळात विमाने पाहायला येणाऱ्यांसाठी खास सज्जे बांधलेले होते. लंडनला हीथ्रोच्या क्वीन्स बिल्डिंगचे छप्पर होते, झुरिकची गच्ची होती, आणि तिथे माणसे डबा, दुर्बीण आणि कॅमेरा घेऊन दिवसदिवस बसत. त्यामुळे छंदिष्टांनी टिपलेली आमची विमाने मला सापडतात ती लंडनच्या ढगाळ उजेडात, झुरिकच्या बर्फात, न्यू यॉर्कच्या तिरप्या उन्हात. सांताक्रूझच्या दुपारी, पांढरे डोळ्यांत खुपेल अशा उन्हात उभे असलेले तेच विमान जवळजवळ सापडतच नाही. जे विमान आम्ही गच्चीतून रोज पाहिले, त्याचा पुरावा परक्यांच्या अल्बमांत आहे आणि त्यात आमचे ऊन नाही.

हे अल्बमही भरवशाचे नाहीत. रंगीत फिल्ममध्ये तीन रंगद्रव्यांचे थर असतात, ते सारख्या वेगाने उडत नाहीत. सत्तरच्या दशकातल्या पुष्कळ फिल्म आणि छापील प्रती अंधाऱ्या कपाटात ठेवल्या, तरी त्यांतले निळसर सियान द्रव्य आधी उडते आणि मागे तांबूस-जांभळी झाक उरते. लग्नाच्या जुन्या अल्बमांतले सगळे चेहरे कालांतराने ताप आल्यासारखे लाल का दिसू लागतात, त्याचे उत्तर हेच. कोडॅक्रोम या फिल्मच्या स्लाइड अंधारात चांगल्या टिकतात, म्हणून कोडॅक्रोमवरचे ७४७ मिळाले की मी ते एकादशीच्या रताळ्यासारखे जपून वापरते. पण कोडॅक्रोमही लाल जरा उचलूनच दाखवते. झाक काढण्याचा साधा उपाय असा, की चित्रात जे पांढरे असायलाच हवे ते निवडायचे आणि ते पांढरे होईपर्यंत अख्खे चित्र सरकवायचे. विमानाचे वरचे अंग पांढरे, तेव्हा हे सोपे वाटते. अडचण एवढीच की लंडनच्या उजेडात ते पांढरेही खरे तर निळसर असते, आणि ते पांढरेशुभ्र केले की लाल तापून नारिंगीकडे झुकतो. माझे एकेचाळीस चौकोन हे असे जमले.

म्हणून मी स्वतःसाठी एक नियम करून घेतला. आठवणीतून काही रंगवायचे नाही. छायाचित्रात जे दिसत नाही ते विमानावर येणार नाही, आणि एका विमानासाठी त्याच विमानाची, शक्यतो त्याच सालाची छायाचित्रे वापरायची. हा नियम कर्मठ आहे हे मी जाणते. पण त्याच्याशिवाय काय होते तेही पाहिले आहे. ‘शिवाजी’ हे नाव असलेले विमान, नोंदणी व्हीटी-ईपीडब्ल्यू, कोणा मराठी पोराला रंगवावेसे वाटणार नाही? मीही त्याच्यामागे लागले होते. पण ‘शिवाजी’ हे ७४७-३०० होते. त्याचा वरचा मजला लांब होता आणि पंखांखाली जनरल इलेक्ट्रिकची इंजिने होती, तर अशोक आणि त्याच्या भावंडांना प्रॅट अँड व्हिटनीची. इंजिनांच्या पिंपांचा आकारच वेगळा. ७४७-२००च्या सांगाड्यावर ‘शिवाजी’ हे नाव चढवणे म्हणजे दुसऱ्याच्या अंगावर महाराजांचा अंगरखा घालणे. ते काम मी अर्धे सोडले. योग्य सांगाडा मिळेल तेव्हा पाहू. वरच्या मजल्याच्या खिडक्यांवरही असेच लक्ष ठेवावे लागते, कारण सुरुवातीच्या ७४७ना तिथे दर बाजूला तीनच खिडक्या असत आणि पुढे दहा झाल्या. बायकोच्या माहेरचे गोत्र विचारावे तसे प्रत्येक विमानाचे विचारावे लागते.

अक्षरांचे प्रकरण मला सर्वांत जवळचे. विमानाच्या एका बाजूला कंपनीचे नाव रोमन लिपीत आणि दुसऱ्या बाजूला देवनागरीत असे. सिम्युलेटरमधल्या जुन्या, हलक्या मॉडेलांत एकाच बाजूचे टेक्स्चर आरशातल्यासारखे दुसऱ्या बाजूला चिकटवलेले असे, म्हणजे निम्मी स्मृती वाचे. रोमन अक्षरे उलटी आली की जगातल्या कोणाच्याही लक्षात येते. देवनागरी उलटी आली तर? एका परदेशी कलाकाराच्या, एरवी अतिशय मन लावून केलेल्या रिपेंटवर मी शेपटीकडून नाकाकडे वाचत जाणारे नागरी नाव पाहिले आहे, आणि त्याखाली कौतुकाचे वीस अभिप्राय वाचले आहेत. मी त्याला हळूच कळवले. त्याने त्याच रात्री अक्षरे सुलटी केली, पण संगणकात तयार असलेल्या ‘मंगल’ टंकात. मंगल म्हणजे आपले र. कृ. जोशी यांनी विंडोजसाठी घडवलेला टंक. तो मलाही प्रिय आहे, रोजची पत्रे मी त्यातच लिहिते. पण पडद्यावर वाचता यावे म्हणून घडवलेला हा टंक १९७१ सालच्या पत्र्यावर दिसणे म्हणजे पेशव्यांच्या हातात बॉलपेन. विमानावरची अक्षरे हातांनी आखलेली होती, ती कुठल्याच टंकात मिळत नाहीत. मी ती झुरिकच्या एका छायाचित्रावरून बिंदू-बिंदूने गिरवली. शिरोरेषेची जाडी आणि उभ्या काठीची जाडी सारखी नव्हती, हे मला चौथ्या दिवशी दिसले आणि पहिल्या तीन दिवसांचे काम पुसावे लागले.

रंगसंगती बदलण्याचा एक प्रयत्न १९८९ साली झाला. शेपूट गडद लाल, तिच्यावर सोनेरी चक्र, आणि झरोके गायब. तो कागदावर सुबक होता, पण लोकांना रुचला नाही आणि झरोके परतले. तो अल्पायुषी अवतार रंगवायला अगदी सोपा आहे, एका रविवारी होतो, आणि म्हणूनच बहुधा मी तो कधी रंगवला नाही. २०२३च्या ऑगस्टमध्ये आलेल्या नव्या रूपात खिडकीच्या चौकटीचे सोनेरी टोक पुन्हा डोकावते. बरे वाटते.

अशोक मी रंगवला आहे, पण उडवत नाही. १ जानेवारी १९७८च्या रात्री दुबईला निघालेले हे विमान सांताक्रूझवरून उठले आणि मिनिट-दोन मिनिटांत वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले. वैमानिकाला विमानाचा कल दाखवणारे उपकरण बिघडले होते, बाहेर अंधारात क्षितिज दिसत नव्हते. २१३ माणसे गेली. सिम्युलेटरमध्ये त्याच धावपट्टीवरून, त्याच दिशेने, तेच नाव लिहिलेले विमान उचलणे मला जमत नाही. १९८५ साली बॉम्बस्फोटात गेलेला कनिष्क तर मी रंगवायलाही घेतला नाही. इतरांनी घेतला तर माझे काही म्हणणे नाही. माझ्या संगणकात अशोक फक्त उभा असतो, आजच्या उपग्रहचित्रांवरून उभ्या केलेल्या मुंबई विमानतळावर, त्याच्या काळात नसलेल्या काचेच्या टर्मिनलसमोर, अनोळखी घरात आलेल्या पाहुण्यासारखा.

उडवायला मी कृष्णदेवराय निवडला, व्हीटी-ईएफयू. साल ठरवले १९८१. गेल्या दिवाळीत तो पुरा झाला आणि फराळाचे ताट द्यायला आलेल्या आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांना मी तो दाखवला. काका सांताक्रूझच्या हँगरमध्ये रंगाऱ्याचे काम करून निवृत्त झाले आहेत. इतकी वर्षे ते खालीच राहतात आणि मला त्यांना विचारावेसे कधी वाटले नव्हते, याची नंतर लाज वाटली. छायाचित्रांच्या मागे मी झुरिकपर्यंत गेले होते.

काकांनी चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “फार स्वच्छ आहे गं.”

मी सांगितले की धुराचे काळे ओघळ इंजिनांमागे काढले आहेत, पोटावर तेलाचे डागही आहेत. ते हसले. “ते कुठल्याही विमानाला असतात. मी रंगाचं बोलतोय. हा सगळा लाल एकाच दिवशी लावलाय तू.”

मग त्यांनी समजावले. ऊन लाल रंगाला आधी खाते. मुंबईचे ऊन आणि तीस-पस्तीस हजार फुटांवरचे ऊन, दोन्ही. लावलेला रंग वर्षभरात किंचित पिठूळ होतो, हात फिरवला तर तळव्याला लागतो. मधे कुठे शिडी घासली, पत्रा दुरुस्त केला, की तेवढ्या जागी नवा रंग लावायचा. डबा तोच, क्रमांक तोच, पण जुन्याशेजारी नवा रंग उठून दिसणारच, तो मिळवता येत नाही. “टेप लावायची, कागद लावायचा, फवारा मारायचा, आणि टेप सोलायची ती नेमक्या वेळेला. लवकर सोललीस तर रंग ओघळतो, उशिरा सोललीस तर कड फाटते.” सांगताना त्यांचा उजवा हात हवेत टेप सोलत होता.

मी ते फोल्डर उघडले आणि एकेचाळीस चौकोन त्यांच्यासमोर मांडले. यांतला खरा कोणता, हे मी त्यांना विचारले. मला वाटले होते की ते एकावर बोट ठेवतील.

“हा नव्या डब्यातला,” ते म्हणाले. “हा दोन वर्षांचा. हा पावसात भिजलेला आहे, ओला पत्रा असाच दिसतो. हा,” ते जांभळ्या चौकोनाकडे पाहून म्हणाले, “हा नव्हे. हा फोटोवाल्याचा.” असे करत त्यांनी निम्म्याहून अधिक चौकोन ओळखीच्या माणसांसारखे बाजूला काढले. त्यांच्या लेखी ते सगळे खरे होते.

जाताना ते दारात थांबले. ईएफयूच्या डाव्या अंगाला, दुसऱ्या दारामागच्या दोन झरोक्यांच्या मधे, त्यांनी स्वतः रंगवलेला एक तुकडा होता. कामाला लागून तीन-चार वर्षे झाली होती, तेव्हाची गोष्ट. एका कमानीचा पाय त्यात नवा काढला होता आणि तो बाकीच्यांपेक्षा गडद दिसे. ते विमान स्टँडवर आले की त्यांची नजर आधी तिथे जाई. “एवढा होता,” असे म्हणून त्यांनी अंगठा आणि करंगळी ताणून दाखवली.

माझ्याकडे ईएफयूची सहा छायाचित्रे आहेत. चार उजव्या बाजूची. डाव्या बाजूच्या दोहोंपैकी एकात नेमक्या त्या जागी जिना लागला आहे, आणि दुसऱ्यात विमान इतके दूर आहे की झरोकेच दिसत नाहीत. पुरावा नाही. त्या रात्री मी दोन वेळा फाइल उघडली आणि बंद केली.

तिसऱ्यांदा उघडली तेव्हा दुसऱ्या दारामागचे ते दोन झरोके मोठे करून घेतले आणि ‘नव्या डब्यातला’ म्हणून काकांनी काढून दिलेला चौकोन उचलला. वीत म्हणजे नऊ इंच, माझ्या पटावर तेरा पिक्सेल. कमानीच्या पायाशी मी तेवढी जागा आखून घेतली, कडेला टेपची रेघ सरळ राहील अशी.